आधण येईपर्यंतची वांगी

पारबताचा फोन आला तेव्हा मी अंगणात बसून जाळं सांधत होतो. पारबता माझी लहान बहीण. ती फोनवर कधी हळू बोलत नाही. समोरचा माणूस दुसऱ्या गावात आहे म्हणजे ओरडलंच पाहिजे, असा तिचा हिशोब. त्या दिवशी मात्र हळू बोलली. "भाऊ, हे गेले," म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "जेवून गेले..." मी जाळं खाली ठेवलं. वाईट वाटलंच. पण खरं लिहायचं तर आधी छाती हलकी झाली. गेली दोन वर्षं तिच्या नवऱ्याचा, ऋषी मास्तरांचा, उजवा हात थरथरत होता, मग पायही धरेनासा झाला. पुढं अंथरुणावर पडून राहावं लागेल, दुसऱ्यानं घास भरवावा लागेल, असं नागपूरच्या डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं. मास्तरांना मरणाची भीती नव्हती, त्या घासाची होती. मागच्या भेटीत मला म्हणाले होते, "भाऊ, हातातला घास हातात असतानाच गेलो पायजे, बस." तसेच गेले. भात आणि वांग्याची भाजी चमच्यानं का होईना पण स्वतःच्या हातानं खाल्ली, ताटात हात धुतला, ओट्यावर भिंतीला टेकून बसले आणि मान एका बाजूला झाली. पारबताला वाटलं डुलकी लागली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिणं हे माझं काम नव्हे. पण शाळेत मास्तरांची शोकसभा झाली, तिथं एकामागून एक माणसं उठली आणि सांगत सुटली की मास्तरांनी आपल्या कुंचल्यानं हे जंगल अमर केलं, वाघ अमर केला, आणखी काय काय अमर केलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मास्तरांनी उभ्या आयुष्यात वाघ काढलेला नाही. त्यांनी वांगी काढली, केटली काढली, वालाच्या शेंगा काढल्या, कंदील काढला, मी आणलेली मासोळी काढली. ते मी उठून सांगणार होतो, पण पारबतानं माझा सदरा मागून धरून ठेवला. म्हणून इथं लिहितो. पेपरवाल्यांनी शुद्धलेखन पाहिजे तर सुधारावं, वांग्याचा वाघ करू नये.

आमचं गाव नागभीडच्या अलीकडे, तळ्याच्या पाळीखाली, बांधाला लागूनच. आम्ही मासोळीवाले. बाप तळ्यावर, आजा तळ्यावर, मीही तळ्यावर. मास्तर आमच्याच समाजाचे, पण मॅट्रिक झालेले, चित्रकलेच्या दोन परीक्षा पास झालेले. शेजारच्याच मोठ्या गावातल्या हायस्कुलात त्यांना ड्रॉइंग मास्तर म्हणून घेतलं तेव्हा मी स्वतः जाऊन पारबतासाठी बोलणी केली. आमच्या आळीत कुणाचा जावई मास्तर नव्हता. लग्नानंतर मी बाजारात माप जरा कडक करू लागलो आणि कुणी काही बोललं तर म्हणायचो, "मास्तरच्या घरचा माणूस आहे मी, बोलाचं तं सांभाळून बोल." एवढं मी बोलून ठेवलेलं. त्यामुळे पुढं जे झालं ते पारबताच्या घरावर जितकं आलं तितकंच माझ्या मिशीवर आलं.

झालं असं की मास्तरांची नोकरी कच्ची होती. पक्की व्हायची तर चित्रकलेच्या मास्तरांची सरकारी परीक्षा पास व्हावी लागायची. बाकीचे सगळे पेपर मास्तर पास झाले, फक्त वस्तुचित्राचा राहिला. वस्तुचित्र म्हणजे टेबलावर भांडी, फळं, कापड मांडून ठेवतात आणि ते पाहून रंगात काढायचं, घंटा होईपर्यंत. घंटा झाली की कागद ओढून घेतात. मास्तर त्यात दोनदा नापास झाले. चित्र वाईट म्हणून नव्हे. पुरंच होत नव्हतं. पहिल्या खेपेला सुरई झाली, बाकीचं टेबल कोरं. दुसऱ्या खेपेला कापडाच्या चुण्या अशा झाल्या की हात लावावा, पण कापडावर काहीच नाही. त्यानंतर संस्थेच्या सेक्रेटरींनी त्यांना बोलावलं आणि गोड बोलून सांगितलं की शिकलेला उमेदवार अर्ज घेऊन दारात उभा आहे, या वर्षी झालं नाही तर आमचा नाइलाज आहे. साल ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं असेल. मास्तर त्या दिवशी सायकल हातात धरून पायी घरी आले.

नोकरी गेली तर माझ्यासंगं तळ्यावर यावं लागणार, हे उघड होतं. आणि तळ्यावर हा माणूस उपाशी मरेल हेही मला उघड दिसत होतं. एकदा मी मोठी मरळ नेऊन दिली, सकाळी. संध्याकाळी गेलो तर मरळ परातीत तशीच, आणि मास्तर पाटावर कागद ठेवून तिच्यापुढं बसलेले. घरात वास सुटलेला. मी म्हटलं, "मास्तर, मासोळी खाची असते, पाहाची नसते." ते म्हणाले, "पाहू द्या ना भाऊ, पोटाची चमक सापडत नाई." मी म्हटलं, "चमक सकाळीच गेली, आता ते तुमची वाट पाहून राह्यली का?" ते हसले. हसायचे फार. पण ब्रश खाली ठेवला नाही.

वांग्याचीही तीच गत. एकदा दुपारी गेलो तेव्हा तेच वांगं समोर, जे सकाळी जाताना पाहिलं होतं. मी विचारलं, "मास्तर, अजून वांगंच काढून राह्यले का?"

"हो भाऊ."

"सकाळी काय काढलं मंग?"

"सकाळी देठ काढला. आता पोट काढतो."

आतून पारबता ओरडली, "बाकीच्याइच्या घरी वांगं शिजते, माह्या घरी वांगं बसून राह्यते."

शेवटी त्या बाईनंच त्याचं औषध काढलं. कुठल्या पुस्तकातून नव्हे, भुकेतून. सेक्रेटरींचं बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं भाताचं आधण चुलीवर ठेवलं, दुरडीतली वांगी आणली, ओट्यावरच्या सपाट दगडावर मास्तरांपुढं ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "आधण येईस्तोवर हे तुमचे. आधण आलं का मी उचलीन. मंग ते अर्धे झाले असो का पाव."

मास्तरांना वाटलं गंमत करते. आधण आलं, तिनं वांगी उचलली आणि विळीवर बसून चिरायला घेतली. मास्तरांच्या कागदावर फक्त एक गोल होता. दुसऱ्या हातानं ती तांब्याही घेऊन चालली तेव्हा मास्तर म्हणाले, "तांब्या तं राहू दे वं."

"मंग तांदूळ कशानं धुऊ? तुमच्या कागदावरच्या तांब्यानं?"

मी तिथंच बसून होतो. मी म्हटलं, "बरोबर करून राह्यली तू." मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच आधण उकळवलं.

मग हे रोजचं झालं. सकाळ-संध्याकाळ. जे शिजायचं ते आधी मास्तरांपुढं यायचं. वांगी, टमाटर, कोहळ्याची फोड, वाळले झिंगे पानावर, कांदे. एका कागदाच्या दोन्ही बाजू वापरायच्या, कारण कागद नागभीडवरून आणावा लागायचा. भाताला आधण यायला किती वेळ लागतो हे घरोघर माहीत असतं, पण त्या वेळात एक माणूस घामाघूम होऊ शकतो हे मी तिथंच पाहिलं. पावसाळ्यात तर मास्तरांनी लबाडी केली. चुलीत गुपचूप ओलं लाकूड सरकवलं. म्हणजे जाळ धरणार नाही आणि आधण उशिरा येईल. घरभर धूर झाला. पारबता डोळे पुसत आली, चुलीतलं लाकूड चिमट्यानं बाहेर ओढलं, ओट्यावर मास्तरांपुढं आणून ठेवलं आणि म्हणाली, "घ्या, आता याचं चित्र काढा. हे काई शिजवाचं नाई." मास्तरांनी खरंच ते काढलं. धूर निघत असलेलं लाकूड. ते चित्र बरेच दिवस तिच्या मिठाच्या डब्याखाली होतं.

हिवाळा सरला तशी ती आणखी कडक झाली. आधणात पाणी कमी घालायची, चुलीत वाळक्या काड्या घालायची, भडभड जाळ. वेळ रोज थोडा थोडा खायची. मास्तर आधी एक वांगं पुरं करायचे, मग दुसरं. तसं जमेना. मग ते आधी काहीच न करता नुसते पाहायचे. ब्रश हातात, डोळे वांग्यावर. मग एकदम सगळीकडचा काळा-जांभळा घालायचे, चकाकीची जागा कागदाची पांढरीच सोडायची, आणि देठ अगदी शेवटी, एका फटक्यात. मला चित्रातलं कळत नाही, पण जाळं फेकणाऱ्याचा हात कळतो. फेकायच्या आधी माणूस उभा राहून पाण्याकडे पाहतो, आणि फेकताना मग विचार करत नाही. मास्तरांचा हात तसा झाला. मार्च महिन्यात तर असं व्हायला लागलं की आधण यायच्या आतच त्यांचं होऊन जायचं. मग ते स्वतःच उठायचे, वांगी ओंजळीत घ्यायचे आणि चुलीपाशी नेऊन पारबतापुढं टाकायचे. "घे. झाले." एवढंच म्हणायचे, पण चालण्यात ऐट असायची. ती मान वर करायची नाही. पण मी पाहत होतो, खुश व्हायची.

परीक्षा चंद्रपूरला, ऐन उन्हाळ्यात. सोबत मी गेलो. पारबता म्हणाली होती, "एकटे गेले तं रस्त्यातच काहीतरी पाहत बसतीन." छोट्या लाईनच्या गाडीनं गेलो. रात्री माझ्या चुलतभावाकडे उतरायचं होतं म्हणून पारबतानं आपल्या परसातली वांगी गठोड्यात बांधून दिली होती. नातलगाच्या घरी मोकळ्या हातानं जात नाहीत. गाडी उशिरा पोचली, त्यामुळे गठोडं तसंच घेऊन आम्ही थेट परीक्षेच्या शाळेत गेलो. तिथल्या शिपायानं मला खिडकीबाहेरच्या लिंबाखाली बसू दिलं. "बसा, पण बोलू नका," म्हणाला. मी म्हटलं, "मी काऊन बोलू? परीक्षा त्यांची आहे."

खिडकीतून सगळं दिसत होतं. मधोमध टेबल, त्यावर हिरवं कापड, सुरई, जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची केटली, केळीची फणी आणि अर्धी कापलेली पपई. भोवती सगळे उमेदवार बोर्ड मांडीवर घेऊन. साहेब बाहेरून आलेले, पायात बूट, बोलणं पुस्तकासारखं. घंटा झाली. आणि मास्तरांनी सुरईची मान काढायला घेतली. काढली, पुसली, परत काढली. ऊन असं की पाण्यात भिजवलेला रंग कागदावर टेकतो न टेकतो तोच वाळत होता. मी बसलो, उठलो, परत बसलो. बाकीच्यांचे कागद भरत आले होते आणि हा माणूस सुरईच्या मानेवरच. घरचं सगळं विसरला होता. बूट पाहिले, टेबल पाहिलं आणि परत तो जुना दिवसभर एक वांगं काढणारा मास्तर झाला होता. मी बोलायचं नाही म्हणून कबूल केलं होतं, नाहीतर तिथूनच ओरडलो असतो. माझ्या डोळ्यांपुढं सेक्रेटरी येत होते आणि तळ्यावर जाळं हातात धरून मासोळीकडे पाहत उभे असलेले मास्तर येत होते. आणि पारबता. ती कशी गप्प बसेल ते येत होतं.

तेवढ्यात पत्र्यावर धाडधाड झालं. आपल्याकडे वानरं सगळीकडेच, शाळेच्या पत्र्यावर तर त्यांचं राज्य. एक मोठा काळतोंड्या समोरच्या दारातून आत आला, कुणाला काही कळायच्या आत टेबलावर चढला, केळीची फणी काखेत, पपई हातात, आणि जाताना शेपटीनं सुरई खाली. सुरईचे तुकडे झाले. केटली घरंगळत भिंतीपाशी गेली. वर्गात एकच गोंधळ. सगळे उभे. साहेब खुर्चीवर चढले होते ते हळूच उतरले.

साहेब म्हणाले, "समोर वस्तू नसताना केलेलं काम तपासता येणार नाही. नवी मांडणी करतो. उरलेल्या वेळात जेवढं होईल तेवढं सर्वांनी नव्यानं करावं." त्यावर जो वाद पेटला तो विचारू नका. कुणी म्हणे आमचं पुरं झालं होतं, कुणी म्हणे वेळ वाढवून द्या. साहेब म्हणाले वेळ वाढवायचा अधिकार मला नाही. बाजार लांब, डोक्यावर ऊन. शिपाई बाहेर आला आणि त्याची नजर माझ्या गठोड्यावर गेली.

"भाऊ, काय आहे याच्यात?"

"वांगे."

"द्या बरं इकडे."

"काऊन द्यू? पाहुण्याच्या घरी न्याचे आहेत."

"सरकारी काम आहे."

"सरकार भाजी घरून नाई आणत का?"

तो म्हणाला, "अवो, आत तुमचाच माणूस बसला आहे ना." तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी गठोडं सोडलं आणि त्यातली चार चांगली निवडून दिली. एक मुद्दाम वाकडं दिलं. वाकडं मास्तरांना आवडायचं.

साहेबांनी हिरवं कापड झटकलं, पोचा आलेली केटली ठेवली, पुढं वांगी ठेवली. बाकीचे अजून भांडत होते. मास्तरांनी मान वर केली. वांग्यांकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे. मी काहीच केलं नाही, बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. त्यांनी कागदाच्या टाचण्या काढल्या, कागद उलटा केला आणि परत लावला. मग नुसते पाहत बसले. मला वाटलं गेलं, परत पाहत बसला हा माणूस. पण हे पाहणं मी ओट्यावर पाहिलेलं होतं... आणि मग हात सुटला. काळा-जांभळा सगळीकडे एकदम, पांढऱ्या जागा सोडून, केटलीचा राखाडी, कापडाचा हिरवा, कुठंच थांबणं नाही. शेजारचा उमेदवार साहेबांशी बोलता बोलता त्यांच्या कागदाकडे पाहू लागला आणि बोलायचं विसरला. देठ शेवटी. एका फटक्यात. वाकड्या वांग्याचा देठही वाकडा.

घंटा अजून झाली नव्हती. आणि मग मास्तर उठले. ब्रश पाण्यात टाकला, टेबलापाशी गेले, चारही वांगी ओंजळीत उचलली आणि दाराकडे चालू लागले.

असा ओरडा झाला की वानर आलं तेव्हाही झाला नव्हता. साहेब धावत आले, "अहो, हे काय करता? ठेवा ते आधी." मास्तर दारात उभे. हातात वांगी. कुठं चाललो होतो हे त्यांना तेव्हा कळलं. चंद्रपूरच्या त्या शाळेत चूल कुठं होती आणि पारबता कुठं होती... त्यांचा चेहरा पाहून मला हसू आलं आणि लगेच मी लिंबाखालून उठून खिडकीला चिकटलो. मांडणी हलवली म्हणजे परीक्षेतून काढतात, असं मी तिथल्या बोलण्यात ऐकलं होतं. साहेबांनी विचारलं, "कुठे नेत होतात?" मास्तर म्हणाले, "चुलीकडे, साहेब." सगळा वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. वांगी परत जागेवर ठेवायला लावली, मास्तरांच्या जागेवर जाऊन कागद पाहिला, वाकून पाहिला, मागं होऊन पाहिला आणि एवढंच म्हणाले, "बसा जागेवर. घंटा होईपर्यंत उठायचं नाही." पास का नापास, काढलं का ठेवलं, काही कळलं नाही.

चुलतभावाच्या घरी उरलेली वांगी घेऊन गेलो तर त्याची बायको म्हणाली, "एवढे बारके काऊन आणले? चांगले घरीच ठेवले वाटते पारबतानं." परतीच्या गाडीत मास्तर दारापाशी बसून राहिले. मी म्हटलं, "चित्र चांगलं झालं." ते म्हणाले, "चित्र झालं, भाऊ. पण मी चोर झालो ना." घरी पोचल्यावर पारबतानं सगळं ऐकून घेतलं. रडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "अन् वांगे कुठी आहेत?" मास्तर म्हणाले, "साहेबानं ठेवून घेतले." ती म्हणाली, "मंग पास करन तो. खाऊन कोणी नापास करत नाई." आणि आधण ठेवायला आत गेली. पण त्या रात्री तिनं मास्तरांपुढं काही मांडलं नाही. पुढचे बरेच दिवस मांडलं नाही. ओट्यावरचा दगड तसाच रिकामा. निकालाची वाट पाहणं म्हणजे काय ते मला त्या दगडाकडे पाहून समजायचं.

निकाल पावसाळ्यात आला. मी तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. पाळीवर सायकल थांबली, सेक्रेटरी स्वतः आले होते, धोतर वर धरून. तिथूनच ओरडले, "मारोती, तुझा जवाई पक्का झाला गा." मी म्हटलं, "मले माहीत होतं." आणि डुबकी मारली. पाण्याखाली जरा वेळ राहिलो. वर येऊन लगेच त्यांना तोंड दाखवायचं नव्हतं. वर आलो तेव्हा ते गेले होते आणि जाळ्यात काहीच नव्हतं, तरी मी घरी हसत गेलो.

त्यानंतर मास्तर त्याच शाळेत शेवटपर्यंत राहिले. मुलांना घरून वस्तू आणायला सांगायचे आणि आधीच बजावायचे, "हे घरी परत न्याचं आहे, तुमची माय वाट पाहून राह्यली, लवकर काढा." त्यांच्या वर्गातला कांदा कधी हरवला नाही. त्यांनी शिकवलेली पोरं कुणी कुठं, कुणी कुठं पोचली, त्यातलीच काही त्या शोकसभेत वाघाबद्दल बोलली. बोलू देत. प्रेमानं बोलली. त्यांना वाटलं असेल, वांग्यानं माणूस मोठा होत नाही.

हात थरथरू लागल्यावर मास्तरांनी ब्रश ठेवला. त्याचं त्यांनी फार केलं नाही. पारबता भाजी त्यांच्यापुढं ठेवायची, आधण ठेवायची, ते नुसते पाहायचे. आधण आलं की ती यायची. "काढलं का?" विचारायची. ते म्हणायचे, "काढलं." मग ती उचलायची. मी एकदा विचारलं, "कागदावर नाई तं कुठी काढलं?" ते म्हणाले, "भाऊ, तुमची मासोळी मी तेव्हा चुकवली होती. आता बरोबर येते." मला ते काही समजलं नाही, पण ते समाधानानं म्हणाले होते, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

महिना उलटल्यावर मी परवा पारबताकडे गेलो. बाजारातून वांगी नेली होती, सवयीनं जास्तच. ती म्हणाली, "एवढे कशाले आणले भाऊ, एकटी तं आहो मी." तरी तिनं ती धुतली, ओट्यावरच्या दगडावर ठेवली आणि आत गेली. गॅस आहे घरात, पण भात अजून चुलीवरच होतो. मी ओट्यावर बसून राहिलो. मास्तरांच्या बाजूला बसायचो तसाच, त्यांची जागा सोडून. वांग्यांवर उन्हाचा तुकडा होता. पाहण्यासारखं काही होतं असं मी म्हणणार नाही. पण पाहत होतो.

आतून झाकण थडथडू लागलं. आधण आलं होतं. मी दाराकडे पाहिलं. पारबता चुलीपाशी बसलेली दिसत होती, हात मांडीवर. उठली नाही. झाकण उडायला लागलं, पाणी उतू जाऊन चुलीत चर्र झालं, राख उडाली. जिनं त्या माणसाला एक घटकाही जास्त दिली नाही, ती बसून होती.

मी म्हटलं, "पारबता, आधण आलं वं."

"येऊ दे," ती म्हणाली. "पाहू दे त्याइले अजून जरासं. आता कुठी घाई आहे."

मग तिनं आधणात आणखी एक तांब्या पाणी ओतलं. त्या दिवशी आम्ही उशिरा जेवलो.